रिक्षा माझ्यासाठी थांबली नव्हती: ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या लायसन्सधारकांना खुले पत्र

चालक मित्र-मैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

ज्यांच्या लायसन्सला दहा वर्षं होऊन गेली, गिअर टाकताना ज्यांना आता विचार करावा लागत नाही, घोडबंदर रोडवर नाहीतर ठाणे-बेलापूर रस्त्यावर जे रोज गाडी घालतात, त्यांना हे पत्र लिहिते आहे. मी गेली एकोणीस वर्षं ठाण्यात मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कळवा, अगदी दिघा-ऐरोलीपर्यंतच्या बायका माझ्या हाताखाली शिकल्या. अलीकडे पुरुषही येतात. तुमच्यातले काही माझेच विद्यार्थी असतील. त्यांनी हे जरा जास्त लक्ष देऊन वाचावं, कारण त्यांना शिकवताना माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली.

मागच्या सप्टेंबरमधली गोष्ट. संध्याकाळचे सव्वासात झाले होते, पाऊस नुकताच ओसरला होता. शेवटची बॅच संपवून मी माझ्या गाडीने घरी निघाले. पाचपाखाडीतल्या एका आतल्या गल्लीतून रस्त्याला लागायचं आणि उजवीकडे वळायचं, एवढंच काम. हे वळण मी हजार वेळा घेतलं असेल. उजवीकडून एक रिक्षा आली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. मला वाटलं, वाट देतोय. मी हात वर करून त्याला थँक्यू केलं, क्लच सोडला आणि गाडी पुढे काढली.

रिक्षा माझ्यासाठी थांबली नव्हती. पलीकडच्या बाजूने, म्हणजे माझ्या डावीकडून, एक मुलगी स्कूटरवर येत होती. तिला मी उभी होते त्याच गल्लीत शिरायचं होतं. तिचा इंडिकेटर चालू होता, वेग कमी होता. रिक्षावाल्याने तिला पाहिलं आणि तिला वळता यावं म्हणून ब्रेक मारला. मी फक्त रिक्षाकडे बघत होते. माझ्या बंपरचा कोपरा तिच्या स्कूटरला बाजूने लागला आणि स्कूटर आडवी झाली. पायाशी ठेवलेली पिशवी फाटून तीन स्टीलचे डबे रस्त्यावर गडगडले. एकाचं झाकण उघडलं आणि फ्लॉवर-बटाट्याची भाजी ओल्या डांबरावर पसरली.

मी दार उघडून उतरले, आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते, "अहो, ही अचानक आली!" तिला कुठे लागलंय का, हे मी त्यानंतर विचारलं. तोवर रिक्षावाला तिला दंडाला धरून उठवत होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मॅडम, मी तिच्यासाठी थांबलो होतो."

तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. दवाखाना, पोलीस, खर्च, जे करायचं ते सगळं केलं, त्यावर इथे जास्त लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते त्या पहिल्या वाक्याबद्दल.

"अचानक आला" हे वाक्य मी डावीकडच्या सीटवर बसून इतक्यांदा ऐकलंय की त्याची गणती नाही. शिकाऊ मुलगी जोरात ब्रेक दाबते आणि म्हणते, "मॅडम, तो अचानक आला." प्रत्येक वेळी मी तेच सांगते: तो चांगला दहा सेकंद समोर होता, तू बघत नव्हतीस. एकोणीस वर्षं हे दुसऱ्यांना सांगणारी मी, स्वतःवर वेळ आली तेव्हा क्षणाचाही विचार न करता तेच बोलले. त्याहून मनाला जास्त लागली ती आधीची गोष्ट. रस्त्यावर एक माणूस थांबतो आणि तो आपल्यासाठीच थांबलाय, हे मी गृहीत धरलं. आणखी कोणी असेल हा विचारसुद्धा मनात आला नाही.

ती मुलगी प्लॅस्टरमध्ये होती तेव्हा मी यावर मिळेल ते वाचत होते. माणूस स्वतःला इतरांपेक्षा सरस का समजतो, याचा अभ्यास करणाऱ्यांनी फार पूर्वीपासून चालकांनाच गाठलंय. १९६५ मध्ये अमेरिकेत सिएटलमधल्या दोन संशोधकांनी अपघात होऊन रुग्णालयात पडलेल्या पन्नास चालकांना विचारलं, तुमचं ड्रायव्हिंग कसं आहे? पोलिसांच्या नोंदीप्रमाणे त्यातल्या बहुतेकांच्या चुकीनेच अपघात झाला होता. मग तितक्याच, अपघात न झालेल्या चालकांना तोच प्रश्न विचारला. दोन्हीकडून उत्तर सारखंच आलं: आम्ही चांगले, जवळजवळ तरबेज. हाडं मोडून खाटेवर पडलेल्या माणसाचंही स्वतःबद्दलचं मत हललं नव्हतं.

१९८१ मध्ये ओला स्वेनसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना आपापल्या गटातल्या इतर चालकांशी स्वतःची तुलना करायला सांगितली. कौशल्यात आपण वरच्या निम्म्यात आहोत असं म्हणणारे अमेरिकेत ९३ टक्के निघाले, स्वीडनमध्ये ६९ टक्के. दहा जणींना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधल्या रेषेच्या पुढे पाचच जणी असतात, सात किंवा नऊ असूच शकत नाहीत. म्हणजे त्या उत्तरांत बऱ्याच जणांचा हिशेब चुकलेला होता, आणि कोणाचा चुकलाय हे ज्याचं त्याला कळत नव्हतं. दोन देशांच्या आकड्यांतला फरकही बघण्यासारखा आहे. हा स्वभाव सगळीकडे सारख्या मापात नसतो. आपल्याकडे तो किती आहे, हे संध्याकाळी तीन हात नाक्यावर पाच मिनिटं उभं राहून हॉर्न ऐकले की कळतं.

असं का होतं? सगळे गर्विष्ठ आहेत म्हणून, असं मला वाटत नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं साधी, पापभीरू असतात.

एक कारण मला माझ्या कामातूनच पटलं. चांगलं चालवणं म्हणजे काय, हे प्रत्येकाने स्वतःला जमतं त्यावरून ठरवलेलं असतं. परत सराव करायला येणारे एक काका मला सांगत, "तीस वर्षांत गाडीवर ओरखडा नाही." ते चाळीसच्या वर जात नाहीत आणि उड्डाणपुलावर उजवी लेन सोडत नाहीत. मागचे सगळे डावीकडून घुसून पुढे जातात, त्यात दोघा-तिघांना ओरखडे पडत असतील, पण ते काकांच्या खात्यात जमा होत नाहीत. एका तरुणाच्या मते चांगला चालक म्हणजे माजिवड्याहून गायमुखला सगळ्यांच्या आधी पोचणारा. माझी एक जुनी विद्यार्थिनी इतक्या चिंचोळ्या जागेत रिव्हर्स घेऊन गाडी लावते की बघत राहावं. इंडिकेटर मात्र तिने महिनोन्‌महिने वापरला नसेल. तिघांनाही आपण उत्तम चालवतो असं वाटतं, आणि आपापल्या फूटपट्टीने तिघंही खरे आहेत. डेव्हिड डनिंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नेमकं हेच दाखवलं. ज्या गुणाचा अर्थ सैल असतो त्यात माणसं स्वतःला फार वर नेऊन ठेवतात, नीटनेटकेपणासारख्या नेमक्या अर्थाच्या गुणात तितकं नाही. "चांगला चालक" हा शब्द तर असा सैल की कोणाच्याही अंगाला बसावा.

दुसरं कारण घरातलं आहे. १९७९ मध्ये मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या वाट्यांची बेरीज साधारणपणे शंभराच्या वर जात होती. मी घरी करून पाहिलं. मी म्हटलं, सत्तर टक्के मी करते. नवरा म्हणाला, निम्मं तरी मी करतो. एकशेवीस झाले. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. पहाटे उठून डबा केलेला मला आठवतो, कारण झोप माझी मोडलेली असते. सासूबाईंच्या गोळ्या दर आठवड्याला डबीत भरून ठेवायचं काम तो करतो, हे मला त्याने सांगेपर्यंत आठवलं नव्हतं. गोळ्या डबीत असतातच, एवढंच मला माहीत.

रस्त्यावर हे कितीतरी पटीने होतं. मी कोणाला वाट दिली, कोणासाठी ब्रेक मारला, कोणाला माफ केलं, हे सगळं माझ्या लक्षात असतं. पण मी लेन बदलताना मागच्या टेम्पोवाल्याने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, समोरच्या बसवाल्याने अर्धा फूट डावीकडे घेतलं, म्हातारबाबा एक पाऊल मागे सरकले, हे मला कधी कळतच नाही. दुसऱ्याने मला सांभाळून घेतलं की माझ्या बाजूने काहीच घडत नाही, मी सरळ घरी पोचते. आणि घरी सरळ पोचणं हाच माझ्या चांगल्या ड्रायव्हिंगचा पुरावा म्हणून मी वर्षानुवर्षं जमा करत राहते. माझ्या एकोणीस बिनअपघाती वर्षांतली किती माझी आणि किती या शहरातल्या अनोळखी ब्रेकवरच्या पायांची, हे आता मला सांगता येणार नाही.

शिकाऊ मंडळींचं मात्र नेमकं उलटं असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही चढावर नेतो. गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची, हॅन्डब्रेक सोडायचा, मागे घरंगळू द्यायची नाही. गाडी बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात, आणि बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. "सगळ्यांना येतं मॅडम, मलाच येत नाही." चार महिन्यांनी हीच बाई पक्कं लायसन्स घेऊन पेढे द्यायला येते आणि म्हणते, "लोकांना ना, अजिबात चालवता येत नाही हो!" मला याचं कायम नवल वाटायचं. जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये त्याचा उलगडा केला. सोप्या वाटणाऱ्या कामात, उदाहरणार्थ गाडी चालवण्यात, माणसं स्वतःला सरासरीच्या वर धरतात. अवघड वाटणाऱ्या कामात, उदाहरणार्थ एकाच वेळी अनेक चेंडू हवेत उडवून झेलत राहण्यात, तीच माणसं स्वतःला सरासरीच्या खाली धरतात. दोन्ही वेळा प्रश्न तुलनेचा असतो, आणि दोन्ही वेळा माणूस फक्त स्वतःकडे बघून उत्तर देतो. आपल्याला सोपं गेलं की आपण सरस, जड गेलं की आपण कमी. समोरच्यालाही ते तितकंच सोपं किंवा जड गेलं असेल, हे मोजणीत येतच नाही. चढावर रडणाऱ्या बाईच्या मागे हॉर्न वाजवणाराही कधीतरी त्याच चढावर घामाघूम झालेला असतो.

म्हणून मी याला गर्व म्हणत नाही. न बघण्याची सवय म्हणते. डावीकडे न बघण्याची.

त्याच वर्षी क्रूगर आणि डनिंग यांनी मिळून केलेला दुसरा अभ्यास जास्त गाजला. तर्क, व्याकरण अशा चाचण्यांत तळाशी असलेल्या विद्यार्थ्यांचा खरा क्रमांक, खालून मोजला तर, शंभरात सरासरी बाराच्या आसपास होता, आणि त्यांना स्वतःला तो बासष्टच्या आसपास वाटत होता. काम नीट करायला जी समज लागते, तीच ते बिघडलंय हे ओळखायलाही लागते, हे त्यांचं म्हणणं. लोक हा अभ्यास दुसऱ्यांना मूर्ख ठरवायला वापरतात, ते मला आवडत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की कोणीतरी बाहेरून सांगणारं लागतं. आणि नेमकं ते आपल्याला नाही. शिकाऊ लायसन्स निघाल्यावर किमान तीस दिवस आणि चाचणीची ती दहा मिनिटं, एवढाच काळ कोणी आपलं ड्रायव्हिंग बारकाईने बघतं. त्यानंतर वेळेत नूतनीकरण केलं तर साधारणपणे पुन्हा चाचणी नाही. डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही तर पेशंट परत येतो, शिक्षकाला निकाल दिसतो. चालकाला काय दिसतं? फार तर कोणाचा तरी हॉर्न. तोही आपल्याला उद्देशून आहे असं आपण कधी मानत नाही.

आता थोडं आपल्या दोन शहरांबद्दल. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून नवी मुंबईत शिरलं की माझ्या ठाण्याच्या विद्यार्थिनी हमखास म्हणतात, "या एमएच ४३ वाल्यांना रुंद रस्त्यांची सवय, एकाला गर्दीत चालवता येत नाही." आणि ऐरोलीच्या बायकांना घेऊन ठाण्यात आले की त्या म्हणतात, "एमएच ०४ म्हणजे शिस्तीच्या नावाने शून्य." मधे एक खाडी आहे, दोन्हीकडचे नातेवाईक एकमेकांत आहेत, कितीतरी ठाणेकरांनी घरं घेतली तीच मुळी घणसोली-कोपरखैरण्यात. गाडीची पाटी बदलली की मतही बदलतं. १९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले, तेही अगदी फालतू कारणावर: पडद्यावरचे ठिपके कोणी जास्त मोजले, कोणी कमी. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर ती आपल्या गटाला झुकतं माप देत होती. ताजफेल पोलंडमधले ज्यू होते, त्यांच्या घरची माणसं नाझींनी मारली होती. इतक्या साध्या प्रश्नापर्यंत त्यांना का जावंसं वाटलं असेल, हे मला कळतं.

मी स्वतः या गटबाजीचा मार खाल्लेला आहे. सिग्नलला काच खाली करून "बाई बसलीय वाटतं" म्हणणारे मी एकोणीस वर्षं ऐकते आहे. गाडीवर ट्रेनिंगची लाल 'एल' असताना लोक बोलतातच, नसतानाही बोलतात. हे इतकं सोसूनही मी रिक्षावाल्यांबद्दल काय बोलत होते? पहिल्याच दिवशी शिकवायचे, "रिक्षा दिसली की समजायचं, हा काहीही करेल." त्या संध्याकाळी त्या चौकात तिन्ही दिशांना बघणारा एकच माणूस होता आणि तो रिक्षा चालवत होता. आता मी ते वाक्य शिकवत नाही.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणीतरी आलं असेल. शेजारचा तो, जो सोसायटीच्या गेटमधून फर्रकन गाडी काढतो, नाहीतर मेहुणा. माझ्याही समोर आले होते. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना आधी हा सगळा दोष समजावून सांगितला आणि मग विचारलं, तुम्ही स्वतःला दिलेले गुण आता बदलणार का? बहुतेकांनी सांगितलं, आमचे बरोबरच आहेत. काहींना तर ते कमीच वाटले. तेव्हा हे पत्र वाचून तुम्ही बदलाल, अशी माझी समजूत नाही. एकोणीस वर्षं हाच विषय शिकवून मी बदलले नव्हते.

म्हणून मी तुमच्याकडे वाचण्यापलीकडचं काही मागते आहे. वर्षातून एक तास डावीकडच्या सीटवर कोणाला तरी बसवा, आणि त्याला बोलू द्या. बायकोला, मुलीला, वडिलांना, गाडी चालवणाऱ्या कोणालाही. ती व्यक्ती जेव्हा जेव्हा नकळत पायाखालचा नसलेला ब्रेक दाबेल, ते मोजा. वाद घालू नका, कारण सांगू नका, फक्त मोजा. मी दर तीन महिन्यांनी आमच्याच स्कूलमधल्या सहकाऱ्याला शेजारी बसवते. पहिल्या खेपेला त्याने वर्तकनगर ते मासुंदा तलाव एवढ्या अंतरात सात गोष्टी सांगितल्या. पाच वेळा मी डावा आरसा न बघता वळले होते. ही माझी सवय किती वर्षांची असेल, माझ्याकडून ती किती जणींनी उचलली असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी खुशाल यावं, रविवारी सकाळी सात ते आठ, उपवनच्या बाजूला रस्ता मोकळा असतो. गाडी तुमची, डावीकडे मी. फी नाही.

त्या मुलीला भेटायला मी लोकमान्यनगरला तिच्या घरी गेले होते. आई डबे करते, ती पोचवते. सहा आठवडे तिचा धाकटा भाऊ कॉलेज बुडवून डबे पोचवत होता. तिने मला चहा दिला, डाव्या हाताने, आणि म्हणाली, "ताई, माझंही चुकलंच असेल. मी हॉर्न द्यायला हवा होता." मी तिला सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. तिला ते पटलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. आपलं चुकलं असेल असं आम्हा दोघींत तिलाच वाटत होतं, आणि गाडी माझी होती.

विम्याच्या फॉर्ममध्ये अपघात कसा झाला हे लिहायला चार ओळींची जागा असते. तिच्याकडे जाण्याआधी मी तिथे लिहिलं होतं, "स्कूटर अचानक समोर आली." परत आल्यावर दुसरा फॉर्म मागून घेतला आणि लिहिलं, "मी डावीकडे बघितलं नाही." उरलेल्या तीन ओळी कोऱ्याच ठेवल्या.

आपली,
एक मोटार ट्रेनिंग शिक्षिका, ठाणे